चौऱ्याहत्तर, एकतीस, सव्वीस

१

कपाट उघडलं तेव्हा आतल्या कप्प्यात धुळीनं आखलेला एक चौकोन तेवढा होता. भोवती बोटभर धूळ आणि मधे स्वच्छ जागा. पंधरा वर्षं तिथं रजिस्टर बसून होतं. आता नव्हतं.

"बघा," जिनपालशेठ म्हणाले, "कुलूप जिथल्या तिथं, आणि वही गायब. बाहेरचा चोर असलं काम करतोय व्हय?"

मुक्ताबाईंनी पदर खोचला, वाकून कप्प्यात डोकावलं आणि बोटाला लागलेली धूळ शेठच्याच खुर्चीला पुसली.

"चोराचं मला कशाला सांगताय, शेठ? मला माणूस पायजे. ओ निगेटिव्हचा. परवा सकाळच्या आत."

सांगली. नव्व्याण्णव सालचा नोव्हेंबर, वार बुधवार. मुक्ताबाई कराडजवळच्या उंब्रजच्या. त्यांची सून स्वप्ना इथल्या दवाखान्यात होती आणि शुक्रवारी सकाळी तिचं पोट उघडून मूल काढायचं ठरलं होतं. तिचं रक्त ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकही बाटली शिल्लक नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "माणूस हजर ठेवा, मगच हात लावतो."

कुणीतरी या मंडळाचा पत्ता दिला. रक्त देणाऱ्यांची यादी ठेवणारं मंडळ. शेठच्या हळदीच्या दुकानावरच एक खोली, तिथं टेबल, कपाट आणि महिन्यापूर्वी आलेला, फुलाफुलांचं कापड पांघरलेला कॉम्प्युटर. शेठ मंडळाचे सचिव. कॉम्प्युटरवर यादी चढवली ती त्यांच्या धाकट्या मुलीनं, प्रीतीनं. वीस वर्षांची पोर, दोन वेण्या, बोटं मात्र पाण्यासारखी पळायची.

"दोनच आहेत, आजी," प्रीती पडद्याकडं बघत म्हणाली. "एक इथलेच. त्यांच्या घरी विचारलं, त्यांची बदली नागपूरला झालीय. दुसरा नंबर लागतच नाही."

"नाव काय दुसऱ्याचं?"

"नावं कॉम्प्युटरवर नाहीत. लोक रक्त देणाऱ्याच्या दारात जाऊन बसतात ना, म्हणून मंडळानं ठरवलं की इथं फक्त अनुक्रमांक, रक्तगट आणि फोन. नाव बघायचं तर रजिस्टर."

"आणि ते पळालं."

"पळवलं," शेठ म्हणाले. "आकारामनं. आमचा जुना माणूस. पंधरा वर्षं गावोगाव फिरून नावं गोळा केली म्हणतोय. आता कॉम्प्युटरनं त्याचं बिंग फोडलं. निम्मे नंबर लागत न्हाईत! खोटी नावं घातलेली सापडतील म्हणून वही घेऊन गेला."

त्यांनी प्रीतीच्या हातातला कागद घेतला आणि घसा खाकरून नंबर वाचला.

"चौऱ्याहत्तर, एकतीस, सव्वीस. लावा कितीबी येळा. 'हा नंबर अस्तित्वात नाही.' आणि ऐका, हा एकच नंबर यादीत चार अनुक्रमांकांपुढं हाय. चार माणसांचा एक फोन असतोय व्हय कधी?"

मुक्ताबाईंनी झटकन वर पाहिलं. डोक्यात काहीतरी खुट्ट झालं होतं. पण काय, ते त्यांनाही कळलं नाही.

२

जिन्याखाली भडंगवाला बसायचा. मुलानं, नागसेननं, आईला एक पुडी घेऊन दिली. मुक्ताबाईंनी ती उघडली नाही. सून दवाखान्यात असताना आपण काय कुरकुर चावायचं? पुडी पिशवीत गेली. तशीही पिशवीत वस्तू टाकायची आणि पुढं कामाला येईल म्हणून ठेवायची, ही त्यांची खोडच. दोऱ्याचे तुकडे, कागद, औषधाच्या रिकाम्या बाटल्या. शाळा दुसरीपर्यंत. अंक झरझर यायचे, अक्षरं मात्र एकेक करून उतरवून घ्यावी लागायची.

गल्लीत मात्र त्यांचा रुबाब होता, आणि त्याला कारण फोन. त्यांचे मालक यल्लाप्पा फोनच्या खात्यात लाइनमन. उंब्रजच्या त्या गल्लीत पहिला फोन त्यांच्या घरी आला, लाल रंगाचा, वर क्रोशाचा रुमाल. बावीस घरांचा तोच फोन. लग्नपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात, पोरांच्या शाळेत सगळ्यांनी तोच नंबर दिलेला, पुढं पीपी, म्हणजे शेजाऱ्यांमार्फत, असं लिहून. नंबर विचारला की मुक्ताबाई मान ताठ करून सांगायच्या, "त्रेचाळीस, एकशे सव्वीस."

ते दिवसच वेगळे होते. घंटी वाजली की यल्लाप्पा ताटावरून उठायचे. "कुणाला बोलवू?" म्हणायचे आणि अनवाणी गल्लीत पळायचे. कुणाला नोकरी लागली, कुणाला मुलगा झाला, सगळं आधी त्यांच्या उंबऱ्यावर कळायचं. लोक फोनवर रडायचे आणि मुक्ताबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहायच्या.

यल्लाप्पा गेले आणि घंटी वाजली की त्यांच्या काळजात चर्र व्हायला लागलं. उठून पळणारा माणूसच नव्हता. मग त्यांनी नियम काढला. ज्याला फोन यायचाय त्यानं सातनंतर यायला सांगायचं. त्याआधी आलेल्याला निरोप नाही, हाक नाही. आल्यागेल्याला सुनवायच्या, "माझं घर हाय, टपाल हापीस न्हाई."

दोन वर्षांपूर्वी सकाळी अकराला म्हसवडहून फोन आला. शेजारच्या हरणाबाईची आई अत्यवस्थ होती. मुक्ताबाईंनी नियमाप्रमाणे निरोप सातला दिला. शेवटची गाडी गेली होती. दुसऱ्या दिवशी हरणाबाई पोचली तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर ती या दारावरून जाताना मान वळवून जायची, आणि मुक्ताबाईही. चूक कुणाची हे दोघींना माहीत होतं, म्हणून तर कुणी बोललं नाही.

"आये, आता कसं?" नागसेन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पुण्याला फोन लावू का?"

"लाव. सगळीकडं लाव. मी त्या आकारामला गाठते."

"तो चोर हाय म्हणत्यात."

"चोर असला तर लय बरं झालं की. वही त्याच्याकडंच सापडंल."

३

आकाराम हरिपूरच्या रस्त्याला राहायचा. चिंचेखाली सायकल उलटी करून चेनला तेल घालत बसला होता. साठीचा, काटकुळा, पांढऱ्या टोपीचा माणूस. मुक्ताबाई समोर उभ्या राहिल्या आणि आडवळण न घेता म्हणाल्या, "वही काढा."

त्यानं मान वर केली. डोळे लाल होते.

"तुमीबी तेच म्हणायला आलाय व्हय, अक्का? बसा. च्या घेणार?"

"च्या नंतर. वही कुठाय?"

"माझ्याकडं असती तर उशाला घेऊन झोपलो असतो." त्यानं हात पुसले. "पंधरा वर्षं. या सायकलवर, एस्टीच्या टपावर, मेढ्याच्या घाटात चालत. एकेक माणूस जोडला. कोण कवा घरी असतो, कुणाच्या मार्फत हाक मारायची, कुणाची बायको रक्त म्हटलं की घाबरते, सगळं त्यात. आणि शेठ म्हणतात, नावं खोटी."

"मग नंबर का लागत न्हाईत?"

"वहीतनं लावायचो तवा लागायचे, अक्का! एकूण एक. कॉम्प्युटर आला आणि लागंनात."

मुक्ताबाई चिंचेच्या मुळीवर टेकल्या. माणूस खोटं बोलतो तेव्हा आधी स्वतःची बाजू मांडतो. याला बाजूबिजू काही नव्हती, नुसतं जिव्हारी लागलं होतं.

"ओ निगेटिव्हचं कोण आठवतंय का?"

"एक बाई हाय. दीड वर्षापूर्वी शिबिरात आलती. सुई टोचली तरी पापणी हलली न्हाई. नाव वहीत. गाव... आता शंभर गावं फिरलो, कुठलं सांगू? पर तिचं बोलणं ध्यानात हाय. फोन शेजारणीचा. तिथली बाई मोठी कडक! मीच एकदा चार वाजता दुसऱ्या कुणासाठी लावला होता. म्हणाली, 'पुन्हा अशी घंटी वाजवली तर तार उपटीन.'"

"अगं बया! कोण ही? हिला कुणीतरी शिकवायला पायजे."

"तर! ही ओ निगेटिव्हवाली मला म्हणाली, 'माझं नाव घेतलं तर ती हाक मारंल का न्हाई कुणास ठाऊक. रक्ताचं काम हाय एवढंच सांगा. मग नाही म्हणायची न्हाई. तेवढी वाईट न्हाई ती.'"

मुक्ताबाईंनी नुसता हुंकार दिला.

"अक्का," आकाराम त्यांच्याकडं निरखून बघत म्हणाला, "तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतोय."

"ऐकला असंल. आवाज लांब जातोय माझा. मला हे सांगा, त्या कपाटाच्या चाव्या किती?"

"दोन. एक शेठकडं, एक माझ्याकडं होती."

"होती म्हणजे?"

"नव्या कॉम्प्युटरचं उद्घाटन झालं ना, त्याच्या चार दिवस आधी शेठनी मागून घेतली. म्हणाले, खोली साफ करायची हाय."

४

गुरुवारी सकाळी मुक्ताबाई पुन्हा जिना चढल्या. शेठ खाली वखारीत होते. प्रीती एकटीच.

"पोरी, मला एक दाखव. ही यादी तू वहीतनं उतरवलीस?"

"मी नाही, आजी. टायपिंग क्लासच्या मुलींनी इंग्रजीत टाइप करून फ्लॉपीवर दिली. मी ती साफ केली."

"साफ म्हणजे?"

प्रीतीचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं खुर्ची जवळ ओढली.

"जावास्क्रिप्ट म्हणून एक भाषा आहे, कॉम्प्युटरला सांगायची. फोनच्या रकान्यात नुसता पसारा होता. कुठं रेघ, कुठं टिंब, कुठं अक्षरं. नंबर शोधायचा तर नुसते अंक पाहिजेत. म्हणून मी आधी सांगितलं, आडवी रेघ दिसली की काढ. तर काय गंमत, पहिली रेघ निघायची आणि दुसरी तशीच राहायची!"

"का?"

"नुसतं 'काढ' म्हटलं की ते पहिली सापडेल तेवढीच काढतं आणि थांबतं. 'सगळ्या काढ' म्हणून वेगळी खूण घालावी लागते. मला दोन दिवस लागले शोधायला."

"एक खडा काढला की सूप खाली ठेवणाऱ्या सुनेसारखं झालं म्हणायचं."

प्रीती हसली. "तसंच. मग कॉम्प्युटरच्या सरांनी युक्ती सांगितली. काय काढायचं ते एकेक कशाला सांगतेस? काय ठेवायचं ते सांग. मी एका ओळीत सांगितलं, अंक सोडून जे जे असेल ते सगळं काढून टाक. एका सेकंदात नऊशे नंबर स्वच्छ!"

"आणि काढलेलं कुठं गेलं?"

"कुठं म्हणजे? गेलं. कचराच होता तो."

"बघितलास?"

प्रीतीनं पडद्याकडं पाहिलं. "नऊशे ओळी होत्या, आजी."

"घरचे तांदूळ चाळणीवर घालतात पोरी, तरी चाळणीखाली काय पडलं ते बाई बघते. कणी असते, कधी नथीतला मोतीबी असतो." आवाज चढला नव्हता, पण पोरीची मान खाली गेली. "मूळ फ्लॉपी कुठाय?"

"साफ केलेली यादी त्याच फ्लॉपीवर ठेवली. जागा वाचेल म्हणून."

मुक्ताबाईंनी दीर्घ श्वास घेतला. "बरं. जे नंबर लागत न्हाईत ते वाच. सगळा नको, नुसता पहिला आकडा."

"सात. आठ. सात. सहा. सात. सात. आठ. सहा."

"आणि लागतात ते?"

"तीन. तीन. तीन. सांगलीचे सगळे तीननंच सुरू होतात."

"न लागणाऱ्यांत कुठं एक? चार? पाच?"

प्रीतीनं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "एकही नाही. नुसते सहा, सात, आठ. असं का?"

मुक्ताबाईंना सकाळपासून भोवळ आल्यासारखं होत होतं. कालपासून पोटात धड काही नव्हतं. विचार करता करता त्यांनी पिशवीत हात घातला आणि कालची भडंगाची पुडी काढली. सवयीनं दोरा सोडवून बोटाला गुंडाळला. कागद उलगडला. चुरमुऱ्यांखाली निळ्या शाईचं, गोलगोल, जुन्या वळणाचं अक्षर दिसलं, आणि ओळीओळीत फोनचे आकडे.

त्या चुरमुरे टेबलावर ओतून मोकळ्या झाल्या.

"प्रीती, खाली जा. तुझ्या बापाला बोलव. आणि जिन्याखाली नागसेन हाय, त्याला सांग, आकारामबापूला असेल तसा घेऊन ये."

५

बारा वाजता खोलीत पाच माणसं होती. शेठ खुर्चीवर, आकाराम दाराशी उभा. प्रीती कॉम्प्युटरपुढं, नागसेन खिडकीत. मुक्ताबाई मधे, हातात तेलकट कागद.

"आकारामबापू, अक्षर कुणाचं?"

आकारामनं कागद घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "माझं. वहीचं पान हाय हे! कुठं मिळालं?"

"जिन्याखाली. भडंगात." मुक्ताबाई शेठकडं वळल्या. "शेठ, यांची चावी उद्घाटनाच्या आधी तुमच्याकडं आली. त्यानंतर कपाट उघडायला तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तुमी खोली साफ केली, रद्दी खाली भडंगवाल्याला दिली. नवीन मशीन आलं, जुनं कशाला, म्हणून वहीबी त्यात गेली. व्हय का न्हाई?"

शेठनी टेबलावरचे चुरमुरे बोटानं बाजूला सारले. मग म्हणाले, "ढिगात गेली. चुकून. पाहुणे यायचे होते, घाई होती. दोन दिवसांनी ध्यानात आलं, खाली गेलो तर त्यानं निम्म्याच्या वर पुड्या बांधून विकलेल्या. उरलेली पानं सुटी करून बाकीच्या रद्दीत मिसळली म्हणाला." त्यांनी आकारामकडं पाहिलं नाही. "मग नंबर लागंनात. लोक विचारायला लागले. मला वाटलं, नावं खोटी असतीलच, तर वहीचंबी त्याच्यावर गेलं तर काय बिघडतंय."

"अण्णा!" प्रीती म्हणाली.

"माझं बिघडलं ना," आकाराम हळूच म्हणाला.

"भांडण राहू द्या," मुक्ताबाईंनी कागद टेबलावर पसरला. "नंबर खोटे न्हाईत. बापू, फोनचा रकाना वाचा. दोनशे बारा."

"मेढा. आठनंतर. चार दोन शून्य एक सात. पीपी, मनुबाईची गिरणी."

"प्रीती, तुझ्या मशीनवर दोनशे बारा काय म्हणतंय?"

बोटं पळाली. "आठ चार दोन शून्य एक सात." तिचा हात तोंडावर गेला. "आठनंतरचा आठ! 'नंतर' अक्षरं म्हणून निघून गेलं, आणि आठ हा अंक म्हणून राहिला. तो नंबराला जाऊन चिकटला!"

"मेढा गेला, गिरणी गेली, पीपी गेलं. वेळ तेवढी राहिली, नको तिथं. म्हणून सगळे सहा, सात, आठ. माणसं कामावरनं घरी येतात ती वेळ हाय ती. पहाटे चारला कोण कुणाला हाक मारतंय?"

"पण वेळ आधी का लिहायची?" शेठ म्हणाले.

"घाईत माणूस नंबर दिसला की फिरवतोच, शेठ," आकाराम म्हणाला. "वेळ पुढं असली की आधी ती वाचून होते."

नागसेननं डिरेक्टरीतून मेढ्याचा कोड काढला आणि आठ सोडून नंबर फिरवला. पलीकडं जात्याची घरघर आणि एका बाईचा खणखणीत आवाज. सगळ्या खोलीला ऐकू आला.

"हॅलो, गिरणी. कुणाला बोलवू?"

आकारामनं टोपी काढून डोळ्यांना लावली. 'कुणाला बोलवू' हे दोन शब्द ऐकले आणि मुक्ताबाईंनाही क्षणभर अनवाणी पळणारे पाय दिसले.

"आता माझा," त्या म्हणाल्या. "ओ निगेटिव्हचा. कागदावर काढ, मोठे आकडे."

प्रीतीनं काढले. ७४३१२६. काल शेठनी वाचून दाखवला होता तो चौऱ्याहत्तर, एकतीस, सव्वीस. ऐकलेला नंबर डोळ्यांनी मुक्ताबाई पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी बोट उचललं आणि सातावर ठेवलं.

सात झाकला गेला. उरलेल्या आकड्यांकडं त्या बघतच राहिल्या. आयुष्यात कुठलीही अक्षरं इतकी पाठ नव्हती जितके हे पाच आकडे.

"आये," नागसेन पुढं वाकून म्हणाला, "हा आपला नंबर हाय."

"सातनंतर," मुक्ताबाई म्हणाल्या.

चार माणसांचा एक फोन. गल्लीतल्या चौघांनी शिबिरात त्यांचाच नंबर दिला होता. आकाराम एक पाऊल पुढं आला.

"आवाज! मी म्हटलं न्हाई का, कुठंतरी ऐकलाय. तार उपटीन म्हणणारी बाई..." आणि त्यानं जीभ चावली.

"मीच ती. शिकवायला पायजे तीच." मुक्ताबाई खाली बसल्या. शेजारची बाई. पापणी न हलवणारी. जिचं नाव घेतलं तर आपण हाक मारू की नाही, अशी शंका जिला होती. गल्लीत अशी एकच. "हरणाबाई हाय ती."

नागसेननं घरचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. वाजणारच. घर कुलूपबंद होतं, किल्ली मुक्ताबाईंच्या कमरेला, आणि अख्ख्या गल्लीत दुसरा फोन नव्हता.

६

उंब्रजच्या फाट्यावर त्या उतरल्या तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. पिशवी काखेला मारून तरातरा निघालेली बाई गल्लीच्या तोंडाशी आली आणि थबकली. बंद घरातून घंटी ऐकू येत होती. वाजून वाजून थांबली.

हरणाबाई आपल्या पायरीवर बसून शेंगा फोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"दुपारी वाजला, आता पुन्हा वाजतोय," ती शेंगांना म्हणाली. "कुणाचातरी घाईचा दिसतोय."

"माझाच हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी."

मग उभ्यानंच सांगितलं. स्वप्नाचं, रक्ताचं, उद्या सकाळचं. सांगताना आवाज नेहमीसारखा लांब जात नव्हता. हरणाबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले.

"किती वाजले, मुक्ताबाई?"

"साडेसहा."

"मग सात वाजू द्या की."

गल्लीतल्या दोन दारांतून माणसं डोकावली. दुसरं कुणी असतं तर मुक्ताबाईंनी त्याची सात पिढ्यांची उजळणी केली असती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हरणाबाईच्या खालच्या पायरीवर, मातीत पाय सोडून बसल्या.

"वाजू दे. बसते मी."

हरणाबाई शेंगा फोडत राहिली.

"त्या दिवशी अकराला आलता फोन," मुक्ताबाई समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. "तुझा भाऊ रडत होता. घाईचं हाय हे मला कळलं होतं, हरणे. न कळता न्हाई केलं मी. नियम माझा, आणि तो मोडला तर मी काय राहिले, असं वाटलं मला. मालक असते तर ताटावरनं उठले असते."

हरणाबाई उठली. ताटली घेऊन आत गेली. दार आता लागणार, असं मुक्ताबाईंना वाटलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

दार लागलं. पण बाहेरून. हरणाबाईच्या हातात कापडी पिशवी, अंगावर धुतलेलं लुगडं.

"कराडवरनं सांगलीची गाडी कवा हाय?"

"साडेसातला."

"मग सात कशाला वाजवताय? यल्लाप्पाभावजींनी वाट बघितली असती व्हय?"

तेवढ्यात घंटी पुन्हा वाजायला लागली. मुक्ताबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, धडपडत आत गेल्या आणि क्रोशाच्या रुमालासकट फोन उचलला. सांगलीहून आकाराम बोलत होता. आवाज भीत भीत येत होता.

"मॅडम, अजून सात वाजले न्हाईत, तार उपटू नका. पर हरणाबाईंना जरा हाक मारता का? रक्ताचं काम हाय."

हरणाबाई दारातच, चार पावलांवर उभी होती. हात पुढं केला असता तरी फोन पोचला असता.

"थांबा हं, बापू," मुक्ताबाई म्हणाल्या. "बोलवते."

त्यांनी फोन टेबलावर आडवा ठेवला, चपला दारात सोडून अनवाणी गल्लीत आल्या, आणि बावीस घरांना ऐकू जाईल अशा, पूर्वीच्या आवाजात ओरडल्या,

"हरणेऽ! ये हरणेऽ! फोन आलाय गं तुझा!"